पदर उलटून बघा

'यंत्राने हातमाग मारला' हे वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, कुठेही परंपरेवर व्याख्यान असलं की वक्ता ते ठोकून देतो, सभा हळहळते आणि घरी जाते. हे वाक्य खोटं आहे आणि केवळ सोयीचं म्हणून टिकलं आहे. सगळं यंत्राच्या अंगावर ढकललं की माणसांकडे बोट दाखवावं लागत नाही. हातमागाचा गळा घोटला तो यंत्रावरचं कापड हातमागाच्या नावाने विकणाऱ्यांनी, ते चालू देणाऱ्या सरकारांनी आणि परंपरा हवी पण पाचशे रुपयांत हवी असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांनी.

आमच्या भागातला विणकर यंत्राला कधी भ्यायला? गोकाकच्या धबधब्यावर सूतगिरणी उभी राहिली ती 1885 साली. गिरणीचं सूत विणकराने घरात घेतलं आणि त्याच सुताची लुगडी विणली. झटक्याचा माग आला, तो घेतला. जेकार्ड आलं, तर काठाच्या नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली. 1904 साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्या धंद्याला आसरा दिला, आणि त्याचा खडखडाट पुढे नदी ओलांडून आमच्या बोरगाव-माणकापूरपर्यंत पोचला. इकडे शहापूर म्हणजे सांगली संस्थानाचा गाव. पलीकडे इंग्रजांचं बेळगाव, अलीकडे पटवर्धनांचं शहापूर, आणि या दुहेरी कारभारातच तिथली पेठ आणि तिथले माग वाढले. आज शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत शिरा. घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत चूल. हे लोक कोष्टी, साळी, देवांग. कालपर्यंत हातमागावर बसणारेच आज बटण दाबतात. पॉवरलूमवाला हातमागवाल्याचा वैरी आहे, असं सांगणाऱ्याने या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही.

मग बिघडलं कुठे? त्यासाठी इरकलीकडे बघावं लागेल. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या हेच लुगडं होतं, म्हणून मी त्याचंच उदाहरण घेतो. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि पदराचा वेगळा. अंगाला सूत, पदराला रेशीम. हे दोन ताणे एकेक धागा फासात फास अडकवून जोडतात. त्याला टोपे तेनी म्हणतात. काठासाठी कोंडी, म्हणजे एकाच वेळी तीन धोटे: दोन्ही काठांचे दोन, अंगाचा एक. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्याला कडेवर पकडतो आणि आपल्या काठात परत फिरतो. म्हणून काठाचा रंग काठातच राहतो, अंगात सांडत नाही. पदर तांबडा असतो तो ताण्यानेही आणि बाण्यानेही, आरपार. ही जोडणी दर साडीला नव्याने करायची. साध्या यंत्रमागावर हे होत नाही, कारण तिथे एकच लांबलचक ताणा बीमवर गुंडाळलेला असतो आणि एकामागून एक साड्या निघत राहतात. त्या पदराला तांबडा बाणा घातलेला असतो, पण खालून अंगाचा काळा नाहीतर निळा ताणा डोकावतच राहतो.

आता बाजारात चला. आमच्याकडच्या एका दुकानात मला मोठ्या विश्वासाने 'अस्सल हातमाग' म्हणून इरकल दाखवली. मी पदर उलटला. अंगाचा निळा धागा थेट पदराच्या टोकापर्यंत गेला होता आणि जोडाचा एकही फास नव्हता. मी ते बोट ठेवून दाखवलं. दुकानदार म्हणाला, "आता सगळीकडं असंच येतंय बघा, कोण एवढं बघतंय?" त्या एका वाक्यात साऱ्या धंद्याचं सत्य आहे. कोणी बघत नाही म्हणून विणकराचे कित्येक दिवस फुकट जातात. ती यंत्रावरची साडी वाईट नव्हती. कोणा वडगावच्या माणसाच्या घामाचीच असेल. पण तिच्यावर नाव दुसऱ्याचं होतं, आणि त्या नावाचे जादा पैसे यंत्रमागवाल्यालाही मिळाले नव्हते. ते मधल्यामध्ये गेले. म्हणजे एका लबाडीत दोन विणकर लुबाडले गेले.

आणि कायदा नाही असं नाही. 1985 साली संसदेने हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा केला. सुरुवातीला 22 प्रकार राखीव होते, 1996 मध्ये ते 11 वर आणले. साडी त्यात अजून आहे. यंत्रमागवाले कोर्टात गेले, तरी सुप्रीम कोर्टाने 1993 मध्ये कायदा उचलून धरला. इरकलीला भौगोलिक मानांकन आहे. 2006 पासून हातमागाची खूण सांगणारा हँडलूम मार्क आहे. सगळं कागदावर आहे, आणि आमच्या पेठेत या कशाचाही धाक नाही. 2015 पासून 7 ऑगस्टला हातमाग दिन साजरा होतो. 2020 साली त्याच्या जेमतेम दहा-अकरा दिवस आधी सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ मोडीत काढलं. त्याच काळात, कोरोनाच्या टाळेबंदीत, बेळगावातून विणकरांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. मला हातमाग दिनाच्या फोटोंची चीड येते ती यासाठी. हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं अधिवेशन भरतं, कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचे पुढारी सीमेवरून एकमेकांना ललकारतात. ताणा-बाण्याला मराठी-कानडी कळत नाही, पण विणकराच्या मजुरीवर दोन्हीकडचे सारखेच गप्प असतात.

चौथी हातमाग गणना 2019-20 ची. तिच्यानुसार देशात हातमागावर 35 लाखांवर कामगार आहेत, त्यांत 70 टक्क्यांहून जास्त बायका, आणि निम्म्याहून कितीतरी अधिक कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत. यातल्या बायकांबद्दल बोलायलाच हवं, कारण तंत्रज्ञानाची खरी गरज तिथे आहे. कांड्या भरणं, सूत उकलणं, खळ देणं, तुटलेला धागा शोधून जोडणं, हे सगळं घरातली बाई करते. पाठ मोडेपर्यंत करते आणि तिचं नाव मजुरीत वेगळं लागत नाही. कांड्या भरायला छोटी मोटर, खड्डामागाऐवजी पाय लोंबकळत ठेवून बसता येईल असा माग, जेकार्ड उचलायला विजेची मदत, डोळ्यांसाठी चांगला उजेड. यातल्या एकाही गोष्टीने इरकलीची इरकल मोडत नाही. पण हातमागाचे भक्त म्हणवणाऱ्यांना विणकर खड्ड्यातच बसलेला हवा असतो, कारण तसा तो फोटोत चांगला दिसतो. त्यांना मी स्पष्ट सांगतो: तुमची परंपरा दुसऱ्याच्या गुडघ्यांवर उभी करू नका.

आणि आधुनिकतेचे पुरस्कर्ते? त्यांनी विणकराला काय दिलं? काठाची नक्षी बसवायला बुद्धी आणि आठवडे खर्ची पडतात. दुकानात ती साडी लागली की कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो, तो संगणकावर चढतो आणि बघता बघता तीच नक्षी पॉलिस्टरवर छापून निम्म्याहून कमी भावात परत आमच्याच बाजारात येते. तंत्रज्ञान इथे पोचलं ते चोराच्या हातात आधी. ज्या फोनवर नक्षी चोरता येते त्याच फोनवर साडीवरची खूण तपासता येते: कोणत्या गावच्या मागावरची, कोणत्या सुताची, विणकराला मजुरी किती. हे आज करता येतं. होत नाही, कारण ते झालं तर दुकानदाराला खरं लिहावं लागेल.

म्हणून मंत्र्यांकडे मागणं मागण्याआधी मी वाचकांकडे मागतो. लग्नसराई तोंडावर आहे. इरकल घ्या, खण घ्या, शहापुरी घ्या. ऐपत नसेल तर यंत्रमागाची घ्या, त्यात कसलाही कमीपणा नाही, तीही विणकराचीच आहे. फक्त पैसे देण्याआधी पदर उलटा, अंगाचा धागा पदरात शिरलाय का बघा, आणि दुकानदाराला बिलावर 'हातमाग' किंवा 'यंत्रमाग' यांपैकी एक शब्द लिहून द्यायला सांगा. लिहून देत नसेल तर साडी तिथेच ठेवून उठा.