यंत्रे वेगळी असोत, करार एक हवा

संगणक किंवा हिशेबाचा प्रोग्राम घेताना आमचा व्यापारी तीन प्रश्न हमखास विचारतो. किंमत किती, वॉरंटी किती, आणि बिघडल्यास माणूस किती दिवसांत येणार? चौथा प्रश्न मात्र राहून जातो. यात भरलेला आमचा हिशेब उद्या दुसऱ्या यंत्राला वाचता येईल काय? आम्हीही तो विचारला नव्हता, आणि त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली.

आमच्या पेढीचा हिशेब १९९८ पासून संगणकावर होता. ओळखीच्या एका माणसाने प्रोग्राम बनवून दिला होता आणि काम चांगले चालले होते. पुढे त्याने तो धंदा सोडला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, नवा प्रोग्राम घेणे भाग पडले, तेव्हा कळले की जुनी खाती नव्यात उतरतच नाहीत. एकोणीस वर्षांची उधारी-वसुली पडद्यावर दिसत होती, पण बाहेर निघत नव्हती. दोन मुले बसवून सात आठवडे नोंदी हाताने उतरवून घेतल्या. त्यातही काही जुनी येणी निसटली ती निसटलीच.

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवत आलो. हा प्रश्न नवा नाही. संगणकांना प्रथम एकमेकांशी जोडणाऱ्या लोकांपुढेही तोच होता आणि त्यांनी तो ज्या रीतीने सोडवला, ती रीत व्यापाऱ्याला समजण्यासारखी आहे.

चाळीस म्हणजे किती?

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील आर्पा या संस्थेच्या पैशातून १९६९ मध्ये आर्पानेट नावाचे जाळे उभे राहिले. वर्षअखेर त्यात चार ठिकाणे होती : लॉस एंजेलिसचे विद्यापीठ, स्टॅनफर्ड संशोधन संस्था, सांता बार्बराचे विद्यापीठ आणि युटा विद्यापीठ. चारही ठिकाणची यंत्रे वेगळी होती. सांता बार्बराला आयबीएमचे यंत्र, तर युटाला डेक कंपनीचे. एक आकडे ३२ बिटांच्या मापाने साठवी, दुसरे ३६ बिटांच्या. अक्षरेसुद्धा जुळत नव्हती. आस्की नावाच्या पद्धतीत रोमन लिपीतील मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आहे, आयबीएमच्या एब्सिडिक पद्धतीत तोच १९३ आहे.

सुताच्या बाजारात वावरणाऱ्याला हे चटकन कळेल. सुती धाग्याचा ४० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लडी. आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये वजन. तेथे आकडा वाढला की धागा जाड होतो. सुतीवाला 'चाळीस' म्हणाला आणि पॉलिएस्टरवाल्याने आपल्या हिशेबाने 'चाळीस' ऐकले, तर सौदा बिघडलाच म्हणून समजा. ४० काउंट म्हणजे जवळजवळ १३३ डेनियर. दोघेही खरे बोलत असतात, फक्त त्यांचे माप एक नसते.

आर्पानेटवाल्यांनी प्रत्येक यंत्राला इतर सर्वांची भाषा शिकवली नाही. दहा जातींची यंत्रे असतील तर अशा पंचेचाळीस जोड्या जुळवाव्या लागतात, आणि अकरावे आले की आणखी दहा. त्यांनी मध्ये एक समाईक रूप ठरवले. प्रत्येक यंत्राने आपले बोलणे त्या रूपात आणायचे आणि समोरच्याने त्यातून आपल्या रूपात घ्यायचे. मग दहा यंत्रांना दहाच दुभाषे पुरतात. प्रत्येक ठिकाणी एक छोटा संगणक दलालासारखा ठेवला. मोठ्या यंत्राने फक्त त्याच्याशी बोलायचे. पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डला गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरे पोहोचली आणि समोरचे यंत्र बंद पडले. सुरुवात अशी झाली, पण कोणी काम सोडले नाही.

दोन रस्ते

यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपापल्या पद्धती काढल्या. आयबीएमने १९७४ मध्ये एसएनए आणली, डेकने पुढच्या वर्षी डेकनेट. दोन्ही आपल्या घरात उत्तम चालत. पण एका घराचा माल दुसऱ्या घरात न्यायचा तर मध्ये खास जोडणी विकत घ्यावी लागे. ग्राहक एकदा आत आला की बाहेर पडणे महाग पडे.

१९७४ मध्येच व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे टीसीपी-आयपी हा करार घडला. त्यांचा विचार साधा होता. कोणत्याही जाळ्याने आपला आतला कारभार बदलू नये; फक्त दोन जाळ्यांच्या वेशीवर माल कसा सोपवायचा, एवढेच सर्वांनी मिळून ठरवावे. मालाची छोटी गाठोडी बांधावीत, प्रत्येकावर पत्ता असावा, गाठोडे हरवले तर पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवावे. बिल्टीवर माल पाठवणाऱ्याला यात अनोळखी काही नाही. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुना करार सोडून हा नवा स्वीकारला. त्याची योजना वर्षभराहून अधिक आधी, नोव्हेंबर १९८१ मध्ये जाहीर केलेली होती.

दुसरा रस्ता ओएसआयचा. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने सात थरांचा आराखडा बनवून १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारे त्याच्या पाठीशी होती. अमेरिकन सरकारने तर ऑगस्ट १९९० पासून आपल्या खरेदीत ओएसआय सक्तीचे केले. तरी बाजी टीसीपी-आयपीने मारली. आमच्या मते कारणे दोन. एक, त्याचे नियम कोणालाही फुकट वाचता येत. १९६९ पासून ते आरएफसी नावाच्या टिपणांतून निघत होते आणि त्या नावाचा अर्थच 'आपले मत कळवा' असा आहे. दोन, तेथे आधी चालवून दाखवावे लागे. पुढे तर असा नियमच झाला की, दोन वेगळ्या हातांनी केलेली कामे एकमेकांशी जुळल्याखेरीज नियम वरच्या पायरीला जाणार नाही. ओएसआयची कागदपत्रे जाडजूड आणि विकतची होती, आणि चालता माल उशिरा आला.

आपल्या देशानेही दोन्ही पाहिले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईच्या संस्था होत्या. त्यावर काही वर्षे दोन्ही पद्धती चालल्या. १९९५ पासून जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी-आयपीची झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले केले.

गल्ल्यावरचा धडा

कोणी म्हणेल, कापडवाल्याला याचे काय? त्याने आपल्याच गल्ल्याकडे पाहावे. काही वर्षांपूर्वी तेथे तीन-चार कंपन्यांचे क्यूआर कोड चिकटवलेले असत आणि या वॉलेटचा ग्राहक त्या कोडावर पैसे देऊ शकत नसे. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की, फक्त आपल्यापुरता चालणारा नवा कोड कोणी काढू नये आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत बदलावेत. आज एका यूपीआय कोडावर कोणत्याही बँकेचा ग्राहक पैसे देतो. कंपन्या तशाच स्पर्धा करत आहेत. फक्त वेशीवरचा करार एक झाला आणि त्याचा फायदा टपरीवाल्यालाही मिळाला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. इंटरनेटचे पहिले करार ओळखीच्या, भरवशाच्या लोकांमध्ये झाले. त्यात कुलपाची सोय नव्हती आणि ती उणीव पुढच्यांना भरून काढावी लागली. तेव्हा करार खुला ठेवणे म्हणजे तिजोरी उघडी ठेवणे असा अर्थ कोणी घेऊ नये.

आता आमचे सांगणे. आमच्या यंत्रमाग गावांत सूतवाला एका प्रोग्रामवर आहे, सायझिंगवाला दुसऱ्यावर, कापडाचा दलाल वहीवर आणि प्रोसेसवाला तिसऱ्याच प्रोग्रामवर. एकाच ताक्याची नोंद चार वेळा हाताने होते आणि चार वेळा चुकण्याची संधी मिळते. सर्वांनी एकच प्रोग्राम घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. ते कधी होणार नाही आणि होऊही नये. पण ताका क्रमांक, मीटर, काउंट, रीड-पिक आणि वजन या पाच गोष्टी कोणत्या क्रमाने व कोणत्या मापात लिहून पाठवायच्या, एवढे ठरवणे व्यापारी संघटनांना एका बैठकीत जमण्यासारखे आहे. मोठा आराखडा नको. पाच रकान्यांपासून सुरुवात करावी, दोन पेढ्यांमध्ये चालवून पाहावे, मग वाढवावे.

आणि तोवर प्रत्येकाने एवढे तरी करावे. नवा प्रोग्राम घेण्याआधी विक्रेत्याला समोर बसवावे. एका महिन्याचा हिशेब साध्या सीएसव्ही फाईलमध्ये काढायला सांगावे आणि ती फाईल दुसऱ्याच संगणकावर, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावी. उघडली आणि बेरीज जुळली, तर पैसे द्यावेत. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरे दुकान पाहावे. आम्ही १९९८ मध्ये हे अर्ध्या तासाचे काम केले असते, तर २०१७ मधले सात आठवडे वाचले असते.