प्रासंगिक विचार : चेंडू रेषेपलीकडे गेला होता काय ?

कुरुक्षेत्रावरील युद्ध १८ दिवसांत आटोपलें. पण रथाचें चाक भूमींत रुतलें असतां अर्जुनानें कर्णावर बाण सोडावयास हवा होता कीं नाहीं, हा वाद आमच्या ओसरीवरून व माजघरांतून अद्यापि मिटलेला नाहीं. निकाल लागला म्हणजे वाद मिटतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं एक तर महाभारत वाचलें नसावें, किंवा अटीतटीचा सामना पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींचें बोलणें कधीं कान देऊन ऐकलें नसावें. फुटबॉलचा खेळ ९० मिनिटांचा. त्याची चर्चा मात्र आजोबांकडून नातवाकडे वारसाहक्कानें जाते. अशाच एका चर्चेचा परामर्श या महिन्यांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण तींत खेळापलीकडचेंहि कांहीं शिकण्यासारखें आहे.

ता. ३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेंब्ले क्रीडांगणावर जागतिक फुटबॉल-स्पर्धेचा अंतिम सामना इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांच्यामध्यें झाला. प्रेक्षक ९० हजारांहून अधिक होते. १२ व्या मिनिटाला जर्मनीच्या हालरनें पहिला गोल केला. सहाच मिनिटांनीं इंग्लंडच्या जेफ् हर्स्टनें डोक्यानें चेंडू मारून बरोबरी साधली. ७८ व्या मिनिटाला पीटर्सनें इंग्लंडला पुढें नेलें, आणि आतां विजय हातीं आला असें इंग्रज प्रेक्षकांस वाटूं लागतें न लागतें तोंच, ८९ व्या मिनिटाला वेबरनें पुन्हां बरोबरी केली. त्या काळीं थकलेल्या खेळाडूच्या जागीं दुसरा पाठविण्याची मुभा नव्हती. त्याच २२ जणांस जादा अर्धा तास खेळणें प्राप्त झालें.

सामन्याच्या १०१ व्या मिनिटाला तो प्रसिद्ध प्रसंग घडला. उजव्या बगलेवरून अॅलन् बॉलनें चेंडू आंत टाकला. हर्स्टनें तो अडवून, गर्रकन् वळून, सर्व बळ एकवटून मारला. चेंडू गोलाच्या आडव्या दांडीच्या खालच्या अंगास आदळला, सरळ खालीं जमिनीवर पडला, उसळून बाहेर आला, आणि वेबरनें डोक्यानें तो दांडीवरून पलीकडे घालविला. हें सर्व डोळ्याचें पातें लवतें न लवतें इतक्यांत झालें. इंग्रज खेळाडूंनीं गोल झाला म्हणून हात उंचावले. जर्मन खेळाडूंनीं झाला नाहीं म्हणून हात हालविले. मुख्य पंच स्वित्झर्लंडचे डीन्स्ट हे होते. त्यांनीं स्वतः निर्णय न देतां कडेच्या रेषापंचाकडे धांव घेतली. हे रेषापंच तोफिक बाह्‌रामोव्ह. इंग्रज लोक त्यांस ‘रशियन’ म्हणून ओळखतात, पण ते वस्तुतः त्या वेळच्या सोव्हिएट संघांतील अझरबैजानचे रहिवासी होते. दोघांस समजेल अशी समान भाषा नव्हती. खाणाखुणांनीं बोलणें झालें, बाह्‌रामोव्ह यांनीं मान डोलाविली, आणि गोल मंजूर झाला. पुढें १२० व्या मिनिटाला हर्स्टनें आणखी एक गोल केला व इंग्लंडनें ४-२ असा सामना जिंकला. जर्मन भाषेंत मात्र तेव्हांपासून ‘वेंब्ले-गोल’ हा शब्द रूढ झाला. दांडीवर आदळून खालीं पडलेल्या अशा संशयित गोलास तिकडे आजहि तेंच नांव देतात.

नियम अगदीं स्पष्ट आहे. चेंडू संपूर्ण रेषा ओलांडून संपूर्ण पलीकडे गेला पाहिजे. त्याची कड रेषेवर राहिली तरी गोल नव्हे. चेंडूचा व्यास सुमारें २२ सेंटिमीटर; तेव्हां तंटा काय तो वीतभर अंतराचा. पण या वीतभर जागेवर दोन्ही पक्षांनीं प्रमाणशास्त्राचे सारे मजले चढविले आहेत. इंग्रजांचें अनुमान असें: इंग्लंडचा हंट हा खेळाडू गोलाच्या सर्वांत जवळ होता, चेंडू आंत पडला नसता तर त्यानें पुढें होऊन तो पुन्हां मारला असता, परंतु तो तर हात वर करून आनंदानें वळला, अर्थात् त्यानें गोल पाहिला होता. जर्मनांचें उत्तर असें कीं, हंट थांबला म्हणून चेंडू आंत पडला असें नव्हे. स्वपक्षाच्या आनंदास प्रमाण मानावयाचें तर मग पंच कशाला हवा? शिवाय रेषापंच गोलरेषेच्या नेमक्या सरळींत उभे नव्हते. त्यांचें प्रत्यक्ष तें कितपत प्रत्यक्ष? एवढ्यानें समाधान न झालेले कोणी असेंहि सुचवितात कीं, त्याच आठवड्यांत पश्चिम जर्मनीनें सोव्हिएट संघास उपांत्य सामन्यांत २-१ असें हरविलें होतें. हा शेवटचा आक्षेप मात्र युक्तिवाद नव्हे. ती केवळ रागानें काढलेली शंका आहे, आणि अशा शंकेस उत्तर नसतें.

तीस वर्षांनीं या प्रश्नांत गणितानें लक्ष घातलें. १९९६ मध्यें ऑक्सफर्ड विद्यापीठांतील दोन संशोधकांनीं सामन्याच्या चलच्चित्रांवरून भूमितीच्या साह्यानें चेंडूचें स्थान काढलें. चेंडू पूर्णपणें रेषेपलीकडे गेला नव्हता, निदान ६ सेंटिमीटर तरी उणा होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा निष्कर्ष इंग्लंडमधील विद्यापीठानेंच इंग्लंडच्या विरुद्ध दिला. सत्याची चाड असणाऱ्या विद्येचें हें लक्षणच होय. पण त्यामुळें वाद थांबला काय ? मुळींच नाहीं.

येथें आमच्या मनांत असा प्रश्न येतो कीं, सामना या एका क्षणींच ठरला, असें तरी कशावरून ? ८९ व्या मिनिटाचा जर्मनीचा गोल घ्या. तो ज्या फ्री-किकमधून निघाला ती देण्याजोगी चूक जॅक् चार्लटननें केलीच नव्हती, असें इंग्रज म्हणत आले आहेत. आणि गोलापूर्वी चेंडू श्नेलिंगर या जर्मन खेळाडूच्या हातास लागला, अशीहि त्यांची तक्रार आहे. ती तक्रार पंचांनीं मान्य केली असती, तर जादा वेळ नसता, हर्स्टचा तो फटका नसता, आणि बाह्‌रामोव्ह यांचें नांवहि कोणास ठाऊक झालें नसतें. आणखी मागें जा. पहिला जर्मन गोल झाला तो रे विल्सन या भरंवशाच्या खेळाडूनें चेंडू डोक्यानें नीट दूर न घालवितां हालरच्या पायाशीं दिला म्हणून. त्याहून मागें जा. हर्स्ट हा मुळांत राखीव खेळाडू. ग्रीव्ह्‌ज या नामांकित खेळाडूच्या पायास फ्रान्सविरुद्धच्या सामन्यांत दुखापत झाली, म्हणून हर्स्टला जागा मिळाली. पुढें ग्रीव्ह्‌ज बरा झाला तरी रॅम्से या शिक्षकानें अंतिम सामन्यास हर्स्टलाच ठेविलें. ज्यानें त्या दिवशीं तीन गोल केले तो मैदानावरच नसता, तर कशाचा वाद आणि कशाची रेषा ? निर्णायक क्षण कोणता हें शोधूं जातां क्षणांची सांखळीच हातीं येते, आणि तिची पहिली कडी कांहीं सांपडत नाहीं.

तरीहि लोक एकाच क्षणास घट्ट धरून बसतात, याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. सांखळी डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं; क्षण उभा राहतो. आणि तो क्षणहि ज्याला त्याला आपापल्या पक्षाच्या चष्म्यांतून दिसतो. अमेरिकेंत हाताचाहि उपयोग करण्याचा जो निराळा फुटबॉल खेळतात, त्याचा एक धसमुसळा सामना १९५१ मध्यें प्रिन्स्टन व डार्टमथ या विद्यालयांच्या संघांत झाला. हॅस्टॉर्फ व कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनीं दोन्हीकडील विद्यार्थ्यांस त्याच सामन्याचें तेंच चलच्चित्र दाखविलें. डार्टमथच्या खेळाडूंनीं केलेले नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांनीं जितके मोजले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं मोजले. १९५४ मध्यें प्रसिद्ध झालेला हा निबंध त्या शास्त्रांत आजहि आदरानें वाचला जातो. लबाडी कोणीच केली नव्हती. डोळे सर्वांचे शाबूत होते. पण डोळ्यांच्या मागें बसून पाहणारा निराळा होता.

यंत्रें आलीं म्हणजे हा प्रश्न सुटेल, अशी कित्येकांची आशा होती. ता. २७ जून २०१० रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें दैवानें जणूं हिशेब चुकता केला. पुन्हां इंग्लंड व जर्मनी समोरासमोर आले. लँपर्डचा फटका पुन्हां दांडीच्या खालीं आदळून रेषेच्या पुष्कळच पलीकडे पडला. आणि या खेपेस पंचांनीं गोल दिला नाहीं. त्या वेळीं जर्मनी २-१ नें पुढें होती. शेवटीं ती ४-१ नें जिंकली. दोन वर्षांनीं, २०१२ मध्यें, गोलरेषेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रांस नियममंडळाची संमति मिळाली, व २०१४ च्या जागतिक स्पर्धेंत तीं वापरांत आलीं. २०१८ पासून चलच्चित्र पाहून निर्णय तपासणारे पंचहि जागतिक स्पर्धेंत बसूं लागले. तरी १८ डिसेंबर २०२२ रोजीं अर्जेंटिना व फ्रान्स यांचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरींत राहून पेनल्टीच्या फटक्यांवर सुटला, तेव्हां वादास काय तोटा होता ? अगदीं शेवटल्या मिनिटांत कोलो मुआनीचा फटका गोलरक्षक मार्तिनेझनें डाव्या पायानें अडविला. तो आंत गेला असता तर? यंत्र रेषेचा प्रश्न सोडवितें. ‘असता तर’ चा प्रश्न सोडविणारें यंत्र अद्यापि निघालेलें नाहीं.

या सर्व चर्चेंतून आम्हांस एक विवेक निष्पन्न होतांना दिसतो. ‘चेंडू रेषेपलीकडे गेला काय ?’ हा वस्तुस्थितीचा प्रश्न; त्याचें उत्तर पुराव्यानें द्यावयाचें, व पुरावा बदलला तर मतहि बदलावयाचें. ‘सामना कोणी जिंकला ?’ हा निर्णयाचा प्रश्न. तो अधिकारी पंचानें त्याच दिवशीं सोडविला, व तो पुन्हां उकरावयाचा नाहीं. ‘जिंकण्यास योग्य कोण होतें ?’ हा आवडीनिवडीचा प्रश्न. त्यावर जन्मभर बोलावें, पण निकालाची अपेक्षा करूं नये. ऑक्सफर्डचें गणित मान्य करूनहि १९६६ चा चषक इंग्लंडचाच, असें म्हणण्यांत कांहींएक विसंगति नाहीं. जर्मन खेळाडूंनीं त्या दिवशीं जोरानें हरकत घेतली, आणि ती अमान्य झाल्यावर ते उरलेलीं १९ मिनिटें खेळले. ती हरकत त्यांचा हक्क होता. पुढला खेळ हें त्यांचें मोठेपण होतें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. वाटणीच्या दिवशीं आजोबांच्या तोंडून नेमका कोणता शब्द निघाला, मुंजींत मानाचें पान कोणापुढें आधीं आलें, यांवर भावाभावांत वीस वीस वर्षें अबोला राहिलेला कोणी पाहिला नाहीं ? शब्द काय होता हा पुराव्याचा प्रश्न. वाटणी झाली हा निर्णय. आणि न्याय कोणास मिळाला हा मनाचा प्रश्न. तिन्ही एकांत एक गुंतवून ठेविले म्हणजे कोणताच सुटत नाहीं. त्या एका शब्दाआधींचीं न पाठविलेलीं पत्रें, आजारांत न केलेली विचारपूस, सणाला न आलेलें बोलावणें, हीं मात्र कोणी मोजीत नाहीं. आणि घर दुभंगतें तें बहुधा त्यांनींच.

तेव्हां घरांतील तरुण मंडळी रात्रीं सामना पाहून पहांटेपर्यंत वाद घालूं लागली, तर वडिलांनीं ‘काय हा रिकामटेकडा उद्योग !’ म्हणून दिवा मालविण्याची घाई करूं नये. जवळ बसावें, आणि इतकेंच विचारावें, “बाळांनो, तुमचा हा प्रश्न त्या तिहींपैकीं कोणता ?” एवढें ओळखावयास जे चेंडूच्या निमित्तानें शिकतील, ते पुढें याहून मोठ्या प्रसंगीं एकमेकांशीं बोलणें टाकणार नाहींत, असा आमचा भरंवसा आहे.