थंड लाटा आणि कानातील हाड

शरीरास एका संकटापासून वाचविण्यासाठी योजलेली युक्ती अर्धवट राहिली, तर ती दुसऱ्या संकटास वाट मोकळी करून देते. समुद्राच्या लाटांवर फळीवर उभे राहून स्वार होण्याचा जो खेळ सर्फिंग या नावाने जगभर ओळखला जातो, त्याच्या इतिहासात या गोष्टीचे एक बोलके उदाहरण सापडते. रबरी पोशाखाने खेळाडूचे सर्वांग उबदार राखले. कान मात्र उघडे राहिले. त्यामुळे अनेक खेळाडूंच्या कानांत वर्षानुवर्षे, कोणतीही वेदना न होता, हाड वाढत गेले. हा विकार टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळण्याचे साधन स्वस्त आहे. तरीही तो आजमितीस सर्रास आढळतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या अज्ञानापेक्षा खेळाच्या शिकवणुकीतील उणीवच अधिक दाखविते.

हा खेळ मूळचा पॉलिनेशियातील, विशेषतः हवाई बेटांतील होय. तेथील समुद्राचे पाणी बारमाही कोमट असते व त्यात तासन् तास राहिले तरी शरीरास बाधा होत नाही. हवाईच्या राजघराण्यातील तीन राजपुत्रांनी १८८५ साली कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे, सान लोरेन्झो नदीच्या मुखाशी, हा खेळ करून दाखविला. येथे परिस्थिती अगदी निराळी होती. उत्तरेकडून येणारा थंड सागरी प्रवाह आणि तळातून वर येणारे शीत जल यांमुळे या किनाऱ्यावरील पाणी बहुधा ११ ते १६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. अशा पाण्यात उघड्या अंगाने फार वेळ टिकाव धरणे कोणासही शक्य नसल्यामुळे थंडीच खेळास आपोआप मर्यादा घालीत असे.

ही मर्यादा १९५० नंतर दूर झाली. बर्कली येथील भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी ओळखले की, ऊब राखण्यासाठी अंग कोरडे राहण्याची आवश्यकता नाही; पोशाखाच्या द्रव्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असले म्हणजे पुरे. निओप्रीन नामक कृत्रिम रबराच्या फेसाळ पत्र्यापासून असे पोशाख तयार होऊ लागले. जॅक ओनील यांनी १९५२ साली सान फ्रान्सिस्को येथे सर्फिंगच्या साहित्याचे दुकान काढले आणि पुढे सांताक्रूझ येथून या पोशाखांचा मोठा प्रसार केला. जेथे काही मिनिटे निभावणे कठीण होते, तेथे खेळाडू कित्येक तास राहू लागले. थंडीने हुडहुडी भरली की माणूस पाण्याबाहेर येतो, हा निसर्गाचा इशारा आता मिळेनासा झाला. कानाच्या छिद्राला मात्र पूर्वीइतकेच थंड पाणी, आणि तेही पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काळ, लागत राहिले.

कानाच्या छिद्रापासून कर्णपटलापर्यंत जाणारी बाह्यकर्णनलिका प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक मऊ हाडाचा, असतो. आतील दोन तृतीयांश भाग कठीण हाडाचा असतो. या आतील भागावरील त्वचा अत्यंत पातळ असून तिच्याखाली चरबीचे अस्तर नसते. त्वचेला लागूनच हाडाचे सजीव आवरण, म्हणजे पर्यास्थिकला, असते. शरीराच्या पृष्ठभागावर थंडीचा स्पर्श हाडाला इतक्या सहजपणे पोहोचेल अशी दुसरी जागा क्वचितच सापडेल. थंड पाणी आत शिरले की या आवरणाचा क्षोभ होतो, तेथील रक्तप्रवाहात बदल घडतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी कामास लागतात, असे मानले जाते. वारा या क्रियेत भर घालतो. माठातील पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने ओल्या कानावरून वाहणारा वारा बाष्पीभवनाने कान अधिक थंड करतो. हा प्रसंग पुनःपुन्हा घडला म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे हाडाचे थरावर थर चढतात. बहुधा दोन्ही कानांत असे उंचवटे निर्माण होऊन नलिका अरुंद होत जाते.

हा अर्बुदासारखा घातक रोग नव्हे. आरंभी तर खेळाडूस काहीच जाणवत नाही. पुढे पोहून आल्यावर कानात पाणी अडकते, कानाला दडा बसतो व तो लवकर सुटत नाही. उंचवट्यांमागे मळ साठतो, ओलसरपणा टिकतो, जंतूंचा शिरकाव होतो आणि कान वारंवार ठणकू किंवा वाहू लागतो. नलिका जवळजवळ बंद झाली म्हणजे ध्वनिलहरींची वाटच अडते आणि ऐकू कमी येते. या अवस्थेस पोहोचावयास बहुधा अनेक वर्षे लागतात, आणि येथेच या विकाराची खरी फसवणूक आहे. विशीतील निष्काळजीपणाचे मोल चाळिशीत द्यावे लागते.

थंड पाणी हेच कारण कशावरून, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारील. त्यास अनेक दिशांनी उत्तर मिळते. फाउलर व ऑस्मन या संशोधकांनी १९४२ साली गिनीपिगांच्या कानांत थंड पाणी सोडून तेथे नवे हाड तयार होते असे दाखविले. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३०७ सर्फिंगपटूंपैकी ७३.५ टक्के लोकांच्या कानांत ही वाढ आढळली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन पाहणीत २०२ खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांत ती दिसली. परंतु थंड पाण्यात खेळणाऱ्यांमध्ये तिचे प्रमाण व तीव्रता ही दोन्ही कोमट पाण्यात खेळणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. आकडे वेगळे असले तरी दोन्ही पाहण्या एकाच दिशेकडे बोट दाखवितात: पाणी जितके थंड आणि वर्षे जितकी अधिक, तितके हाड अधिक.

याहून मनोवेधक पुरावा पुरातत्त्वाने दिला आहे. उत्तर चिलीच्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो. तेथील प्राचीन लोकांच्या १,१४९ कवट्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावर राहून समुद्रात बुड्या मारणाऱ्या समाजांत ही वाढ ३०.७ टक्के कवट्यांत दिसली. खोऱ्यांतील लोकांत ती अवघी २.३ टक्के होती. आणि अँडीज पर्वताच्या उंच पठारांवरील लोकांत ती मुळीच नव्हती. वास्तविक हवा सर्वांत थंड ती पठारावरचीच. यावरून नुसत्या थंड हवामानाने हे हाड वाढत नाही, थंड पाण्याशी कानाचा नित्य संबंध यावा लागतो, हे उघड होते. निअँडरथल मानवांच्या अवशेषांतही ही वाढ विपुल आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या २३ निअँडरथल व्यक्तींपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींच्या कानांत ती आढळली. तेथे आनुवंशिक प्रवृत्तीचाही काही वाटा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. तथापि पाण्याकाठी अन्न शोधणाऱ्या त्या मानवापुढे दुसरा मार्ग नव्हता. आजचा खेळाडू पाण्यात उतरतो तो आनंदासाठी, आणि त्याच्या हाती उपायही आहे. मग त्याने तो का करू नये?

याविरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, पुष्कळांना या वाढीचा त्रास होतच नाही. हे खरे आहे, आणि त्रास नसताना शस्त्रक्रिया करावी असे कोणताही सुज्ञ वैद्य म्हणणार नाही. परंतु आज त्रास नाही याचा अर्थ उद्या होणार नाही असा नव्हे. वाढलेले हाड आपोआप विरघळत नाही आणि खेळ चालू राहिला की ते पुढे वाढतच राहते.

दुसरा आक्षेप असा की, शस्त्रक्रियेने हाड काढता येते, मग चिंता कशाची? शल्यचिकित्सक सूक्ष्म छिन्नीने किंवा फिरत्या यंत्राने हे हाड काढतात आणि ती क्रिया बहुधा यशस्वी होते. पण हे काम कर्णपटलाच्या व चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या अगदी निकट करावे लागते, आणि त्या दोहोंस इजा होण्याचा संभव असतो. त्यानंतर काही आठवडे पाण्यापासून दूर राहणे भाग असते. शिवाय रुग्ण पुन्हा उघड्या कानांनी थंड पाण्यात उतरू लागला की हाड पुन्हा वाढू शकते. शस्त्रक्रिया परिणाम दूर करते. कारण जसेच्या तसे राहते.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. कानात बोळा घातला तर सोबत्याची हाक, लाटेचा आवाज, धोक्याची सूचना ऐकू येत नाही, असे खेळाडू सांगतात. समुद्रात ऐकू येणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे, तेव्हा ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु पाणी अडवून ध्वनीला वाट देणारे बोळे आता मिळतात, आणि फार थंडीत कानांवरून घेण्याचे निओप्रीनचे टोपरेही उपलब्ध आहे. अडचण आहे ती साधनाची नव्हे, सवयीची.

म्हणून कानाचे संरक्षण हा पोशाखाचाच एक भाग मानला गेला पाहिजे. थंड समुद्रात शिकवणारा शिक्षक नवशिक्यास रबरी पोशाखावाचून पाण्यात उतरू देत नाही. त्याच नियमाने त्याने उघड्या कानांनीही उतरू देऊ नये. साहित्य भाड्याने देणाऱ्यांनी पोशाखाबरोबर बोळे द्यावेत. नित्य खेळणाऱ्याने अधूनमधून कानांची तपासणी करून घ्यावी, आणि वारंवार दडा बसत असेल तर कापूस गुंडाळलेल्या काडीने कान कोरीत न बसता वैद्यास दाखवावे. काडीने मळ आत लोटला जातो आणि नाजूक त्वचा सोलवटते. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च नाही.

भारताच्या किनाऱ्यावर ही भीती फारशी नाही. हे हाड मुख्यतः सुमारे १९ अंशांहून थंड पाण्यात वाढते, आणि कोकण, केरळ किंवा तामिळनाडूचा समुद्र तितका थंड होत नाही. हिमालयातील बर्फातून उगम पावणाऱ्या नद्यांची गोष्ट मात्र वेगळी. परदेशांत अशा वेगवान थंड नद्यांतून लहान होड्या हाकणाऱ्या खेळाडूंच्या कानांतही ही वाढ आढळली आहे. हृषीकेशच्या वरच्या अंगाला अथवा लडाखमध्ये पर्यटकांना तराफ्यांवरून नेणारे तरुण मार्गदर्शक हंगामामागून हंगाम याच पाण्यात काढतात. पर्यटक चार घटका भिजून घरी जातो. मार्गदर्शकाचे पोट त्या पाण्यावर अवलंबून असते. त्याच्या अंगात तरंगते जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण असणे आज आवश्यक समजले जाते. त्याच यादीत कानाच्या बोळ्याचा समावेश करणे आणि त्याच्या कानांची नियमित तपासणी करणे ही ज्यांनी त्याला कामावर ठेवले त्यांची जबाबदारी आहे. बुडण्याचा धोका डोळ्यांना दिसतो म्हणून त्याविरुद्ध नियम होतात. कानात हाड वाढते ते दिसत नाही. पण ज्याला पुढे ऐकू येईनासे होते, त्याचे नुकसान त्यामुळे लहान ठरत नाही.