कोपऱ्यावरच्या दुकानातला नाताळ



डिसेंबर सरत आला की दुकानांवर कागदी चांदण्या लागतात, बेकरीसमोर केकसाठी गर्दी होते आणि 'नाताळच्या दिवसांत घरी बसून पाहावा असा एखादा प्रेमाचा चित्रपट सांगा,' अशी विचारणा होते. माझे उत्तर ठरलेले आहे. चित्रपट जुना आहे, कृष्णधवल आहे, 1940 सालचा आहे. नाव 'द शॉप अराउंड द कॉर्नर', म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान.

यात राजवाडे नाहीत, मोटारींच्या शर्यती नाहीत. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट, तिथले चामड्याच्या पिशव्या-पाकिटांचे एक दुकान आणि त्यात पगारावर राबणारी पाच-सहा माणसे, एवढाच संसार. चित्रपट सुरू होतो तेव्हा ही माणसे सकाळी बंद दाराबाहेर उभी असतात. मालक येईल, कुलूप उघडेल, मगच दिवस सुरू होणार. कामावर जाणाऱ्या कोणालाही हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

दुकानातला मुख्य विक्रेता आल्फ्रेड क्रालिक. ही भूमिका जेम्स स्ट्युअर्टने केली आहे. नोकरीच्या शोधात क्लारा नोव्हाक (मार्गारेट सुलाव्हन) तिथे येते. क्रालिक तिला 'जागा नाही' म्हणून सांगतो. पण मालकाच्या डोळ्यांदेखत ती एका गिऱ्हाईक बाईला एक न खपणारी पेटी विकून दाखवते आणि नोकरी मिळवते. त्या दिवसापासून दोघांचे पटत नाही. एकाच छताखाली, दिवसभर, शब्दाला शब्द!

गंमत अशी की दोघेही एका अनोळखी व्यक्तीशी पत्रव्यवहार करीत असतात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून ओळख झालेली, नाव-गाव ठाऊक नाही. पत्रांत पुस्तकांच्या, विचारांच्या, मनातल्या गोष्टी. आणि ती अनोळखी व्यक्ती म्हणजे शेजारी उभा असलेला तोच नकोसा माणूस!

पहिल्या भेटीचा दिवस ठरतो आणि नेमका त्याच दिवशी मालक संशयावरून क्रालिकला कामावरून काढून टाकतो. इतकी वर्षे इमानाने राबलेल्या माणसाच्या हातात एक शिफारसपत्र, बस्स. बेकार झालेला माणूस प्रेयसीसमोर कोणत्या तोंडाने जाणार? तो हॉटेलपर्यंत जातो, पण आत पाहायला आपल्या सहकाऱ्याला, पिरोविचला सांगतो. काचेतून पिरोविचला टेबलाशी क्लारा दिसते. थोड्या वेळाने क्रालिक आत जातो, पण आपणच तो, हे सांगत नाही. क्लारा त्याला क्षुद्र कारकून म्हणून हिणवते. तो ऐकून घेतो आणि निघून जातो.

मला हा चित्रपट दरवर्षी पाहावासा वाटतो तो या प्रसंगासाठी. पत्रातल्या माणसाचा ती जीव की प्राण मान राखते आणि समोरच्या माणसाला कवडीची किंमत देत नाही. माणूस तोच! आपणही असेच करतो ना? हुद्दा, कपडे, पगार पाहून माणसाचे मोल ठरवतो आणि त्याच्या मनात काय आहे हे विचारायचे राहून जाते.

पुढे क्लारा टपालपेटीत पत्र शोधते तो क्षण पाहा. पेटीच्या आतून आपल्याला फक्त तिचा चाचपडणारा हात दिसतो, मग तिचा उतरलेला चेहरा. एक शब्द नाही, पण काळीज हलते.

पिरोविचही विसरू नका. लग्नासाठी तीन खोल्यांचे घर हवे का, असे क्रालिक विचारतो, तेव्हा हा संसारी गृहस्थ त्याच्या खोल्या एकेक करून कमी करतो. स्वयंपाकघरात जेवायचे, झोपायच्या खोलीतच राहायचे! छोट्या घरात संसार केलेल्या आमच्या वाचकांना तो आपल्याच चाळीतला वाटेल. ही भूमिका करणारा फेलिक्स ब्रेसार्ट आणि दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच दोघेही ज्यू. लुबिच बर्लिनमधल्या शिंप्याचा मुलगा, तरुणपणी वडिलांच्या दुकानात हिशेब लिहिणारा. हॉलिवूडला गेलेल्या या माणसाचे जर्मन नागरिकत्व 1935 साली नाझींनी काढून घेतले. ज्या मिक्लोश लास्लोच्या नाटकावर हा चित्रपट बेतला, तोही हंगेरी सोडून अमेरिकेत गेला होता. युरोपात माणसाची किंमत जन्मावरून ठरत होती, त्या काळात या लोकांनी पडद्यावर साध्या कामगारांची माणुसकी उभी केली, हे ध्यानात ठेवावे.

एक दोषही सांगतो. सत्य कळल्यावरही क्रालिक क्लाराला बराच काळ अंधारात ठेवतो आणि तिची थट्टा करतो. ते मला आजही खटकते. शिवाय मालक आत्महत्येचा प्रयत्न करतो असा प्रसंग आहे. तेव्हा मुलांबरोबर मोठ्यांनी बसावे आणि बोलावे.

शेवट नाताळच्या आदल्या संध्याकाळचा. विक्री जोरात झालेली, मालकाने बोनस वाटलेला. सगळे आपापल्या घरी निघतात आणि एकटा पडलेला मालक बर्फात उभा राहतो. दुकानात नव्याने लागलेल्या पोऱ्याचेही शहरात कोणी नसते. मालक त्याला बरोबर जेवायला नेतो. आत दुकानात, दिवे मालवता मालवता, क्रालिक कोटाला लाल फूल लावतो...

पुढचे सांगत नाही, ते घरच्या सर्वांसोबत पाहा. आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलात की शेजारच्या माणसाची एकदा नीट विचारपूस करा. नाताळ साजरा करायला याहून जास्त खर्च लागत नाही.