कारणाचा रकाना

नमुना नोंदणी पद्धतीचे, म्हणजे आपण ज्याला एसआरएस म्हणतो त्याचे, पन्नास वर्षांचे तक्ते एकाखाली एक ठेवून पाहावेत. १९७१ साली आपल्या देशात जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. १९९१ मध्ये हा आकडा ८० होता, २०११ मध्ये ४४, २०२० मध्ये २८ आणि २०२३ मध्ये २५. बालरोगतज्ज्ञांनी दवाखान्यात चौकट करून लावावा असा हा आलेख आहे. त्याच काळात जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान ४९.७ वर्षांवरून (१९७०-७५) ७० वर्षांवर (२०१६-२०) गेले. म्हणजे वीस वर्षांची कमाई झाली.

ही कमाई कोणत्या वयात झाली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. १९७०-७५ च्या सुमारास वर्षाचे झालेल्या मुलापुढे अजून साधारण ५६ वर्षे असत, नवजात बाळापेक्षा सहा जास्त. पहिले वर्षच इतके घातकी होते. आज वर्षाच्या मुलापुढे ७१ वर्षे आहेत आणि नवजात बाळापुढे ७०. पहिल्या वर्षाचा दरारा जवळजवळ संपला आहे. आता साठीच्या माणसाकडे वळा. तेव्हा त्याच्यापुढे सुमारे १४ वर्षे होती, आज सुमारे १८ आहेत. साठीत वीस वर्षे मिळणे शक्य नव्हते, हे मान्य. पण जपानमध्ये त्याच वयाच्या माणसापुढे पंचवीसहून अधिक वर्षे असतात. तेव्हा चार वर्षांवर समाधान मानण्याचे कारण नाही.

स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे केले की चित्र आणखी उघडे पडते. १९७०-७५ मध्ये पुरुषांचे आयुर्मान ५०.५ आणि स्त्रियांचे ४९ वर्षे होते. जगात बहुतेक ठिकाणी बाई पुरुषापेक्षा जास्त जगते. आपल्याकडे मुलींची आबाळ आणि बाळंतपणातले मृत्यू यांनी तो नियम उलटा केला होता. ऐंशीच्या दशकात पारडे फिरले. २०१६-२० मध्ये स्त्रिया ७१.४ वर होत्या आणि पुरुष ६८.६ वर. बाळंतपण सुरक्षित झाले: २०१८-२० मध्ये देशाचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्राचा ३३ होता. पुरुष मागे पडले ते तिशी ते सत्तरीच्या टप्प्यात. तिशीला पोचलेल्या भारतीयाला सत्तरीआधी हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह किंवा श्वसनाचा जुनाट आजार यांपैकी एखाद्याने गाठून संपवण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे २२ टक्के आहे. त्यात अपघातांची भर. रस्त्यांवर एकट्या २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी आत्महत्यांची नोंद १ लाख ७० हजारांवर होती. दोन्हींत कर्त्या वयाचे पुरुष जास्त.

इथे जाता जाता एक सावधगिरी. जिल्हा आढावा बैठकीत 'मृत्युदर घटला' म्हणून पाठ थोपटून घेतली जाते, तो दर बहुधा कच्चा असतो. केरळचा कच्चा मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, कारण तिथे म्हातारी माणसे जास्त आहेत. ती म्हातारी होईपर्यंत जगली, एवढाच त्याचा अर्थ. वयाचा हिशेब धरल्याशिवाय प्रौढांच्या मृत्यूंबद्दल बोलू नये.

छेदाची गडबड त्याहून जुनी. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. चाळीतल्या एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत होती, त्यामुळे दर भयानक असणारच. पण गिरणगावातली बाई बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जाई. जन्म तिथल्या कागदावर चढे, आणि तान्हे मूल परत मुंबईला येऊन गेले की मृत्यू मुंबईच्या. मृत्यू या शहराचे आणि जन्म दुसऱ्या गावाचे, असा तो भागाकार होता.

आकडा विश्वासार्ह करायला काय लागते, हे एसआरएसच्या रचनेतून शिकण्यासारखे आहे. निवडलेल्या गावात किंवा वस्तीत एक अर्धवेळ गणक, बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, जन्म-मृत्यू जसे घडतील तसे टिपत जातो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्याची वही न पाहता घरोघरी जाऊन स्वतंत्र नोंद करतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात. ज्या घटना जुळत नाहीत, त्यांसाठी पुन्हा गावात जातात. १९६९-७० पासून देशभर हे चालू आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेतल्या टिकाऊ कामांत याचा नंबर बराच वर लावावा लागेल.

बालमृत्यू कमी का झाले, याची यादी वाचकांना पाठ आहे. गोवराची लस, धनुर्वाताची इंजेक्शने, संस्थात्मक बाळंतपण, आशा, नवजात शिशू कक्ष. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत कालवलेले मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्या हाती दिले आणि पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण उतरवले, ती गोष्टही त्यातलीच. आमच्या मते या यादीत एक बाब नेहमी राहून जाते. प्रत्येक बालमृत्यूला कोणीतरी 'का' विचारू लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात आधी काम झाले ते मृत्यू शोधण्याचे. शिकवून तयार केलेली गावातलीच बाई दर जन्म आणि दर मृत्यू टिपत होती, दगावलेल्या बाळाच्या आईशी बसून शेवटच्या दिवसांचा क्रम लिहीत होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षात नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट होती. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने सरकारी नोंदीत बालमृत्यू प्रत्यक्षाहून फार कमी दिसतात, हे राज्याला ऐकवले. खूप आरडाओरड झाली, आणि मग सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. आज आपल्या राज्यात एखादे अर्भक गेले तर निदान कागदोपत्री चौकशी होते. आशा जाते, परिचारिका जाते, वैद्यकीय अधिकाऱ्याला सही करावी लागते.

त्याच जिल्ह्यात पुढे प्रौढांचे मृत्यू तसेच मोजले गेले. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतले मृत्यू घरोघरी जाऊन, व्हर्बल ऑटोप्सी करून तपासले. सगळ्यात वरचे कारण निघाले पक्षाघात, साधारण १४ टक्के. क्षय, हिवताप या अपेक्षित नावांच्या वर पक्षाघात! त्यांतले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. म्हणजे कोणत्याही रुग्णालयाच्या रजिस्टरात हा आजार या संख्येने कधी दिसलाच नसता, आणि जिल्ह्याच्या आराखड्यात रक्तदाबाच्या गोळ्यांना जागा मिळाली नसती.

देशपातळीवर हेच 'मिलियन डेथ स्टडी'ने केले. रजिस्ट्रार जनरल कार्यालय आणि प्रभात झा यांच्या गटाने एसआरएसच्या घरांत जाऊन मृत्यूंची कारणे शोधली. सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६,००० माणसे मरतात, हे त्यातून कळले. रुग्णालयांच्या नोंदी त्याच्या जवळपासही नव्हत्या. हा खटाटोप का करावा लागला? कारण मृत्यूचे कारण लिहिण्याचे काम कायद्याने ज्याच्यावर टाकले आहे, तो डॉक्टर ते लिहीत नाही किंवा लिहिल्यासारखे करतो.

२०२० मध्ये देशात ८१ लाखांवर मृत्यूंची नोंदणी झाली. त्यांपैकी कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र होते २२.५ टक्क्यांना. गोव्यात जवळजवळ प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूला ते असते, बिहारसारख्या राज्यात अगदी थोड्यांना. दुसऱ्या वर्षी, २०२१ मध्ये, नोंदणी १ कोटी २ लाखांवर गेली. एका वर्षात वीस लाखांहून अधिक वाढ. त्यातली कोविडची किती, यावर सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांची जुंपली, आणि ती मिटणार नाही. ज्या कागदावरून ती मिटली असती, तोच बहुतेक मृतांच्या बाबतीत भरलेला नाही.

जे कागद भरले जातात त्यांची तऱ्हा पाहा. समजा, ५४ वर्षांचा ट्रकचालक. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या कधी घेतल्या कधी नाहीत. पायाला खिळा लागला, जखम चिघळली, दोन आठवडे गावातच मलमपट्टी झाली. शेवटी रात्री अकराला तालुक्याच्या रुग्णालयात आणला आणि पहाटे गेला. ड्यूटीवरचा डॉक्टर नमुना ४ ओढतो आणि लिहितो: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. सही, शिक्का. मरताना हृदय आणि श्वास थांबणारच. ते प्रत्येकाचे थांबतात. भाग एकमध्ये लिहायला हवे होते: (अ) सेप्टिक शॉक, एक दिवस, (ब) पायाचे गँगरीन, दोन आठवडे, (क) टाइप २ मधुमेह, बारा वर्षे. भाग दोनमध्ये उच्च रक्तदाब. शेजारचा कालावधीचा रकाना तर आपल्याकडे शोभेलाच असतो. मधुमेहाने गेलेला हा माणूस मधुमेहाच्या खात्यात कधीच जमा होत नाही, 'अस्पष्ट कारणे' या गठ्ठ्यात जाऊन पडतो. जिल्ह्यात पायांच्या जखमांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग हवा की नको, हे ठरवणाऱ्याला तो दिसणार नाही.

घरी झालेल्या मृत्यूची गोष्ट आणखी अवघड. फॅमिली डॉक्टरला पहाटे उठवतात, बाहेर तिरडी बांधणे चाललेले असते, आणि नमुना ४अ वर 'वृद्धापकाळ' लिहून तो मोकळा होतो. मयत त्रेसष्ट वर्षांची का असेना. नातेवाईक हलक्या आवाजात सांगतात, "डॉक्टर, दारूचं तेवढं लिहू नका, विम्याचं अडकेल." आपणही विधवेकडे पाहून पेन आवरतो. यात निव्वळ आळस नसतो, माणुसकी असते, पोस्टमॉर्टेम टाळायची धडपड असते आणि पोलिसांची भीतीही असते. पण हिशेब लागतो तो असा: यकृताच्या सिरॉसिसने चाळिशीत गेलेली माणसे कागदावर 'हृदय बंद पडून' जातात, आणि मग आपणच चर्चासत्रात विचारतो की तरुणांत हृदयविकार इतका का वाढला.

मृत्यूची माहिती देण्याच्या नमुना २ मध्ये धूम्रपान, तंबाखू चघळणे, सुपारी-पानमसाला, दारू किती वर्षांपासून, असे रकाने आहेत. फार विचारपूर्वक घातलेले. ते भरताना ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा कारकून बहुधा विचारतच नाही. त्याला दोष देण्याआधी रुग्णालयातून जाणाऱ्या कागदावर आपण काय भरतो ते पाहू.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून, खाजगी असो वा सरकारी, प्रत्येक वैद्यकीय संस्थेने कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे द्यायचे आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला. दुसरी अट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. आजवर हा कागद कार्यालयातल्या कपाटात जात होता. आता तो घरात जातो. मुलगा तो वाचेल, गूगल करेल आणि विचारेल की माझ्या वडिलांना नेमके काय झाले होते. 'अरेस्ट' हे त्याला उत्तर वाटणार नाही, वाटूही नये.

प्रशिक्षण लागेल, आणि ते मोठे नाही. इंटर्नशिपमध्ये एक दुपार पुरते. शाखांनी आपल्या मासिक सभेत नमुना ४ घेऊन बसावे, एखादा खरा मृत्यू घेऊन साखळी मांडावी आणि वाद घालावा. साखळीत कोणती कडी मूळ, यावर फिजिशियन आणि सर्जन भांडतील. भांडू द्यावे. पुढील अंकापासून आम्ही या मासिकात दर महिन्याला असे एक प्रमाणपत्र छापणार आहोत, आधी भरले तसे आणि मग भरायला हवे होते तसे. आपल्याकडची उदाहरणे रुग्णाचे, रुग्णालयाचे आणि डॉक्टरचे नाव काढून, वय, लिंग आणि आजाराचा क्रम तेवढा ठेवून महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पाठवा. ग्रामीण रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांची उदाहरणे आधी घेऊ.