कायदा तोच, हेतू निराळा

सरकार पालटले अथवा एखादा कायदा रद्द झाला म्हणजे धोरण बदलले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा कायदा जागच्या जागी राहतो, त्याचे नावही तेच राहते. परंतु एकेका दुरुस्तीने आणि एकेका सवलतीने त्याचा हेतू पालटत जातो. महाराष्ट्रातील जमीन सुधारणांचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय.

१९३९ च्या मुंबई कुळ कायद्याचा उद्देश मर्यादित होता. कुळाला मनमानीने जमिनीवरून हुसकावले जाऊ नये, एवढेच त्याला साधावयाचे होते. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने हे संरक्षण व्यापक केले. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याच्या दृष्टीने खरेदीदार मानले गेले. संरक्षणापासून मालकीपर्यंतचा हा प्रवास अवघ्या अठरा वर्षांचा होता. १९६१ च्या कायद्याने जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली आणि १९७५ पासून ती अधिक कडक झाली.

अर्थात कागदावरचा विजय शेतात नेहमीच दिसला नाही. अनेक कुळांनी 'स्वखुशीने' जमिनी परत केल्या. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दांडेकर व खुदनपूर यांच्या १९५७ च्या पाहणीने या स्वखुशीचे खरे स्वरूप उघड केले. तरीही लक्षावधी कुटुंबांच्या नावे सात-बारा झाला, हे श्रेय या कायद्याला दिलेच पाहिजे.

त्यानंतर प्रवाहाची दिशा हळूहळू फिरली. कुळाला मिळालेली जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास, जमीन महसुलाच्या चाळीस पट रक्कम भरून ही अट टाळण्याची मुभा दिली. मालक म्हणवायचे आणि विक्रीसाठी हात जोडायचे, ही विसंगती दूर झाली हे योग्यच. पुढे २०१६ मध्ये नीती आयोगाने शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्यास कायदेशीर मान्यता देणारा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. ज्या कुळवहिवाटीचा शेवट करण्याचा संकल्प १९५७ मध्ये झाला होता, तीच आता उपाय म्हणून सुचविली गेली.

परिस्थिती बदलली की धोरण बदलावे, याबद्दल दुमत नाही. वाटण्यांनी शेते लहान झाली, मालक नोकरीनिमित्त शहरात गेले. आक्षेप आहे तो हा बदल तुकड्यातुकड्यांनी, मूळ हेतूची उघड चर्चा न होता झाला, याला. त्याची किंमत आज जमीन खंडाने किंवा बटईने कसणारा शेतकरी मोजीत आहे. त्याचा करार तोंडी असतो, कारण लेखी दिले तर कूळ लागेल, ही धास्ती मालकाच्या मनात अद्याप घर करून आहे. जो कायदा कुळाच्या रक्षणासाठी झाला, त्याच्याच भीतीने आज कुळाचे नाव कागदावर येत नाही! पीककर्ज असो वा अतिवृष्टीची भरपाई, सात-बाऱ्यावर नाव असलेल्याचा दावा सोपा असतो. पेरणीचा खर्च आणि नुकसान मात्र कसणाऱ्याच्या वाट्याला येते.

यावर मार्ग नाही असे नव्हे. मालकाची मालकी अबाधित ठेवून ठराविक मुदतीच्या खंडकराराची गावपातळीवर नोंद व्हावी आणि त्या नोंदीच्या आधारे कर्ज, विमा व भरपाई कसणाऱ्यास मिळावी, अशी तरतूद करता येईल. त्यासाठी विधिमंडळाने आणखी एक दुरुस्ती चिकटविण्याऐवजी मूळ प्रश्नालाच हात घातला पाहिजे. जमीनविषयक कायदे आज नेमके कोणासाठी आहेत? 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा कालबाह्य झाली असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. पण जो कसतो त्याची निदान सरकारदरबारी नोंद असावी, ही अपेक्षा कधीही कालबाह्य होणार नाही.