उद्यानाचं चित्र नंतर, आधी करार वाचा

रेल्वेच्या किंवा कारखान्यांच्या पडीक जागेवर उद्यान झालं की कौतुक आराखडा काढणाऱ्यांचं होतं. झाडं कुठली लावली, जुने रूळ कसे जपले, याच्या चर्चा रंगतात. ते कौतुक रास्तच आहे. पण माझं मत असं की, अशी जागा लोकांच्या हाती येते ती त्याआधी झालेल्या भांडणामुळे आणि कागदावर उतरलेल्या अटींमुळे. बर्लिनचं ग्लाइसड्राइएक उद्यान पाहिलं तर हे लक्षात येतं.

ग्लाइसड्राइएक म्हणजे रुळांचा त्रिकोण. आनहाल्टर आणि पॉट्सडामर या दोन मोठ्या स्थानकांची मालधक्क्याची यार्डं इथं होती. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ले झाले, पुढं शहराचे दोन तुकडे पडले. जागा पश्चिम बर्लिनमध्ये आणि रेल्वेचा कारभार पूर्व जर्मनीकडे, अशा तिढ्यात ही जमीन अनेक वर्षं पडून राहिली. रुळांच्या खडीतून आपोआप झाडं उगवली आणि तिथं रान माजलं.

1970च्या दशकात इथून महामार्ग नेण्याचा बेत होता. रहिवाशांनी 1974 मध्ये त्याविरुद्ध नागरिकांची समिती उभी केली. तो महामार्ग झाला नाही. पुढं भिंत पडली आणि शेजारच्या पॉट्सडामर प्लाट्झवर टोलेजंग इमारती आल्या. बांधकामानं निसर्गाची जी हानी होते ती भरून द्यावी लागते, असा जर्मनीत कायदा आहे. या भरपाईचा मोठा पैसा उद्यानाला मिळाला. म्हणजे बिल्डरांनी दान दिलं नाही, देणं चुकतं केलं. दानाचे आभार मानावे लागतात. देण्याचा हिशेब मागता येतो.

आतेलिए लॉइडल या संस्थेनं आखलेल्या उद्यानाचा पूर्व भाग 2011 मध्ये आणि पश्चिम भाग 2013 मध्ये खुला झाला. दोन्ही मिळून सुमारे 26 हेक्टर जागा आहे. मोकळी हिरवळ आहे, खेळायला जागा आहे आणि आपोआप वाढलेलं रान काही ठिकाणी तसंच राखलं आहे. बोस्नियाच्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या बायकांनी 2006 पासून इथं बाग फुलवली. तिचं नाव ‘रोझेनडुफ्ट’, म्हणजे गुलाबाचा सुगंध. पुढं ती उद्यानाचाच भाग झाली. निर्वासितांना सरकारनं छप्पर दिलं तरी शहर आपलं वाटायला स्वतः खणलेला वाफा लागतो. चकचकीत उद्यानात अशा वाफ्याला जागा मिळणं मला मोठी गोष्ट वाटते.

मात्र करार दोन्ही बाजूंनी कापतो. 2005च्या ज्या करारानं उद्यानाला जमीन मिळाली, त्याच करारानं कडेच्या भूखंडांवर बांधकामाचा हक्कही दिला. उद्यान तयार होताच कडेनं महागडी घरं उठली. पुढं मध्यभागी सात उंच इमारतींचा प्रकल्प आला आणि रहिवासी पुन्हा विरोधात उभे राहिले. हिरवळ आली की जमिनीचा भाव चढतो. तो भाव कुणाच्या खिशात जाणार हे आधी ठरवलं नाही, तर ज्यांनी जागेसाठी भांडण केलं त्यांनाच पुढं तिथं राहणं परवडत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 मध्ये नियम आला: एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची झाली. गिरण्यांच्या आवारात रिकामी जागा होतीच किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2006 मध्ये हा बदल कायम राहिला. लोकांच्या वाट्याची कितीतरी मोकळी जागा नियमातल्या चार शब्दांत गेली.

बर्लिनकरांनी अटी वेळेत मागितल्या म्हणून त्यांना काही मिळालं, आणि ज्या अटी सुटल्या त्यांची किंमत ते अजून मोजत आहेत. आपल्याकडेही जुन्या गोदामांच्या, यार्डांच्या जागा खुल्या होताना रंगीत चित्रं आधी दाखवली जातात. ती जरूर पाहावीत. पण जमीन कुणाच्या नावावर राहणार, कडेला किती बांधकाम होणार आणि आज तिथं राहणाऱ्यांचं काय होणार, ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.